पोर्ट्रेट शिकायचंय? कॅमेऱ्याचं दुकान सगळ्यात शेवटी

बारावी किंवा कॉलेजचं पहिलं-दुसरं वर्ष, हातात बऱ्यापैकी फोन आणि माणसांचे चेहरे टिपायची हौस. तुम्ही वाशीमला असा की कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोऱ्याला, घरचे पहिला प्रश्न हाच विचारणार : किती लागतील? उत्तर आधीच देऊन टाकतो. पहिले तीन महिने दोन हजारांच्या आत भागतं. त्यानंतर जुना कॅमेरा आणि एक चांगली लेन्स मिळून पंचवीस ते पस्तीस हजार. नवा कॅमेरा, शहरातला क्लास आणि तिथलं खोलीभाडं एकदम अंगावर घेतलंत, तर लाख कधी ओलांडला ते कळत नाही. खाली दिलेले दर साधारण बाजारभाव आहेत. दुकान, शहर आणि दिवाळीची सवलत यांनुसार थोडे खाली-वर धरा.

पहिले तीन महिने : फोन, दार आणि एक ड्रॉइंग शीट

या काळात कॅमेरा किंवा लेन्स विकत घेऊ नका. पोर्ट्रेटमधलं ऐंशी टक्के शिक्षण उजेडाचं आहे आणि तो घरातच मिळतो. ज्या दारातून थेट ऊन आत येत नाही असं दार शोधा. सकाळी पश्चिमेकडचं, दुपारी चारनंतर पूर्वेकडचं. उत्तरेकडे दार असेल तर जवळजवळ दिवसभर सोय. समोरच्या माणसाला दारापासून दोन-अडीच हात आत, दाराकडे तोंड करून बसवा. तुम्ही दाराला पाठ करून, उजेड न अडवता एका बाजूला उभे राहा. एक फोटो काढा. आता त्या माणसाला थोडं वळायला सांगा, इतकं की चेहऱ्याची एक बाजू सावलीत गेली पाहिजे. दुसरा फोटो. मग सावलीच्या बाजूने पांढरी ड्रॉइंग शीट गालापासून फूटभर अंतरावर धरा. तिसरा फोटो. तिन्ही शेजारी ठेवून पाहा. क्लासवाले पहिल्या दोन आठवड्यांत जे शिकवतात, त्याचा बराच भाग इथे वीस-तीस रुपयांच्या कागदात येतो.

डोळ्यांत दाराचा चमकता चौकोन दिसतो का, ते बघा. याला कॅचलाइट म्हणतात. तो नसला की चेहरा मरगळलेला वाटतो. दिसत नसेल तर हनुवटी किंचित वर उचलायला सांगा. घरातला बल्ब, ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर येतो, आणि तो नंतर कुठल्याही ॲपने धड सुधारत नाही.

फोनचा पोर्ट्रेट मोड शिकताना बंद ठेवा. तो मागचं खोटं धूसर करतो आणि कानाची पाळी, पदराची कड, फेट्याचा तुरा हमखास कापतो. खरी धूसर पार्श्वभूमी हवी असेल तर माणसाला भिंतीपासून आठ-दहा फूट पुढे आणा. फोन चेहऱ्याच्या फूटभर जवळ नेलात की नाक मोठं दिसणार. चार-पाच फूट मागे व्हा आणि फोनला दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. डोळ्यावर बोट दाबून धरा, फोकस तिथे अडकतो. उजेड जास्त वाटला तर पडद्यावरचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. आणि हो, फोनच्या कॅमेऱ्याची काच आधी पुसा. खिशातल्या फोनवरचा बोटाचा तेलकट ठसा पुसला तरी निम्मा धूसरपणा जातो.

बाहेर काढायचे असतील तर आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब ठेवा. मार्च ते जून सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. मधल्या वेळेत डोळ्यांच्या खोबणीत काळे डाग पडतात. तेव्हा झाडाची दाट सावली, नाहीतर ओसरी. कवडसे पडणारी विरळ सावली नको.

या टप्प्याचा खर्च : फोनचा साधा ट्रायपॉड पाचशे ते सातशे, ड्रॉइंग शीट, आणि लॅबमध्ये छापून घेतलेले चार बाय सहाचे प्रिंट, एकाला दहा ते वीस रुपये. प्रिंटवर पैसे वाचवू नका. पडद्यावर झाकलेल्या चुका कागदावर दिसतात. शिवाय ज्याचा फोटो काढला त्याच्या हातात प्रिंट दिलात, तर तो पुन्हा बसायला तयार होतो. विद्यार्थ्याला याहून स्वस्त मॉडेल मिळत नाही.

फोटो संपादनाला स्नॅपसीड फुकट आहे. घरी संगणक असेल तर डार्कटेबल, रॉथेरपी आणि गिम्प हेही फुकट. दुकानातून शंभर-दोनशे रुपयांत क्रॅक फोटोशॉप टाकून घेऊ नका, त्यासोबत व्हायरस येतो. अधिकृत ॲडोबी घ्यायचंच झालं तर एक अट वाचून घ्या : महिन्याला पैसे जाणारी वार्षिक योजना चौदा दिवसांनंतर मध्येच बंद केली, तर उरलेल्या महिन्यांच्या निम्मे पैसे कापतात.

लोकांचे फोटो, परवानगीनेच

आधी घरचे, मग गल्लीतले. आठवडी बाजारात जायचं तर विचारूनच. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत देशभरातून बंजारा समाज येतो. फेटिया-कांचळी घातलेल्या, चांदीचे दागिने ल्यालेल्या वयस्कर बाया पाहून कॅमेरा आपोआप वर उचलला जातो. तो खाली ठेवा. आधी 'राम राम' करा, विचारा, फोटो काढल्यावर त्यांना दाखवा, जमल्यास नंतर पाठवा. देवळाच्या गाभाऱ्यात काढायचा नाही, तिथल्या सेवेकऱ्यांना विचारल्याशिवाय आवारातही नाही. समोरची व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल आणि फोटो स्पर्धेला, प्रदर्शनात किंवा इन्स्टाग्रामवर जाणार असेल, तर पालकांची लेखी संमती घ्या. वहीच्या पानावर नाव, तारीख, फोटो कुठे वापरणार आणि सही, एवढं पुरतं.

स्टुडिओत हाताखाली : शिकवणी की फुकटची हमाली?

जिल्ह्यात सगळ्यात जास्त लोक याच वाटेने शिकलेत. तुळशीच्या लग्नानंतर लग्नांचा सीझन सुरू होतो, तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. या काळात प्रत्येक स्टुडिओला लाइट धरायला, बॅगा सांभाळायला, पाहुण्यांना रांगेत उभं करायला पोरं लागतात. पण जाण्यापूर्वी चार गोष्टी बोलून घ्या. ऑर्डरमागे किती देणार? जेवण आणि येण्या-जाण्याचा खर्च कोणाचा? रात्री उशीर झाला तर राहायची सोय काय? आणि सामान पडून फुटलं तर भरपाई कोणी द्यायची? हा शेवटचा प्रश्न संकोचाने कोणी विचारत नाही आणि नंतर तोच महागात पडतो.

माझा नियम सरळ आहे. एकतर तुम्ही फी द्या आणि त्यांनी शिकवावं, नाहीतर तुम्ही काम करा आणि त्यांनी पैसे द्यावेत. फी घेऊन वर फुकट राबवून घेणारा स्टुडिओ सोडून द्या. डिपॉझिट देऊ नका आणि दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं कोणाकडेही ठेवू नका. झेरॉक्स द्यायची आणि तीवर 'फक्त कामाच्या नोंदीसाठी' असं लिहून सही करायची.

स्टुडिओत लग्नापेक्षा पासपोर्ट फोटोच्या कोपऱ्यात जास्त वेळ काढा, असं मी म्हणेन. कंटाळवाणं काम, पण दिवसभरात तीस-चाळीस अनोळखी चेहरे येतात. चष्म्यावरची चमक कशी घालवायची, एक खांदा खाली असलेल्या माणसाला कसं सरळ बसवायचं, रडणारं पोर कसं थांबवायचं, हे तिथेच हाताला लागतं.

१९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. त्या सुमारास ठिकठिकाणच्या फोटोग्राफर संघटना प्रदर्शनं, कार्यशाळा घेतात आणि कंपन्यांचे लोक नवे कॅमेरे हाताळायला देतात. बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट असतो. महागडा कॅमेरा तासभर हातात धरून बघायची ही चांगली संधी. खरेदी मात्र त्या दिवशी करू नका.

फुकट किंवा नाममात्र खर्चात : सरकारी वाटा

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी. बँकांमार्फत चालते, प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत. फोटोग्राफी आणि व्हिडिओग्राफीचा साधारण महिनाभराचा अभ्यासक्रम तिच्या यादीत आहे. अडचण एवढीच की पुरेशी नावं जमली तरच बॅच निघते आणि वर्ग दिवसभर असतो, त्यामुळे कॉलेज सांभाळून जमत नाही. परीक्षा संपायच्या आधीच नाव नोंदवून ठेवा आणि उन्हाळ्याची बॅच मागा. चौकशी आरसेटीत किंवा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत करायची. वय अठरा पूर्ण हवं. सोबत आधार, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, बँक पासबुक यांच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. फॉर्म भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

दहावीनंतर वर्षभर द्यायची तयारी असेल तर आयटीआयमध्ये 'डिजिटल फोटोग्राफर' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तो वाशीमच्याच आयटीआयत असेल असं गृहीत धरू नका. व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या प्रवेश पोर्टलवर ट्रेडचं नाव टाकून त्या वर्षी तो कुठे आहे ते पाहा. दहावीचा निकाल लागला की प्रवेश सुरू होतात, तेव्हा जातीचा दाखला, रहिवासी दाखला यांसाठी जूनपर्यंत थांबू नका. एप्रिलमध्ये दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात गर्दी कमी असते. दरफलक भिंतीवर लावलेला असतो, तेवढेच पैसे द्यायचे.

बारावीनंतर हेच करिअर करायचं ठरलं असेल तर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी पाहा. तिच्यात फोटोग्राफी हा विषय घेता येतो. प्रवेश राज्याच्या कला सीईटीतून होतो. आपल्याला जवळची शासकीय कॉलेजं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. फी खासगी संस्थेच्या मानाने फारच कमी. चित्रकलेची तयारी मात्र लागते, आणि ती दोन महिन्यांत होत नाही.

खासगी क्लास : फीपेक्षा बाकीचं महाग

अकोला, अमरावती, नागपूरला महिना-दोन महिन्यांचा बेसिक कोर्स साधारण पाच ते पंधरा हजारांत होतो. पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारचा कोर्स दहा ते पंचवीस हजार, वर्षाचा डिप्लोमा लाखाच्या पुढे आणि खोली-मेसचे महिन्याला आठ-दहा हजार वेगळे.

प्रवासाचा हिशेब कोणी करत नाही. वाशीम ते अकोला ऐंशी किलोमीटरच्या आसपास. एसटीने जाऊन-येऊन अडीचशे-तीनशे. आठवड्यातून दोनदा असे दोन महिने गेलात तर सोळा फेऱ्या, म्हणजे चार हजार ते चार हजार आठशे. मुलींना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यांचा खर्च निम्मा. विद्यार्थी पास मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजच्या दाखल्यावर मिळतो, खासगी क्लासची ये-जा त्यात धरू नका. रेल्वे स्वस्त पडते. क्लासची वेळ ठरवण्याआधी गाडीची वेळ पाहा.

फी विचारताना 'एकूण किती' असं विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. पत्रकावर दहा हजार असतात, मग त्यावर नोंदणी शुल्क, अभ्याससाहित्य, मॉडेलचा खर्च, आउटडोअरची गाडी, परीक्षा आणि प्रमाणपत्र. शिवाय अठरा टक्के जीएसटी. जीएसटी मागितला तर पावतीवर त्यांचा जीएसटी क्रमांक हवा. नोंदणी नसलेल्या क्लासला तो घेताच येत नाही. बॅचमध्ये किती जण, कॅमेरे किती आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा किती वेळ राहणार, हेही विचारा. पंचवीस जणांत दोन कॅमेरे असतील तर तो क्लास नाही, व्याख्यान आहे. मध्येच सोडल्यास परतावा किती, हे पावतीच्या मागे लिहून सही घ्या.

'शासनमान्य' पाटीवर जाऊ नका. मान्यता कोणाची? महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाची असेल तर अभ्यासक्रमाचा आणि संस्थेचा क्रमांक मागा. आयएसओ प्रमाणपत्र म्हणजे शिक्षणाची मान्यता नव्हे. खरं सांगायचं तर गिऱ्हाईक प्रमाणपत्र विचारत नाही, फोटो बघतं. प्रमाणपत्राचा उपयोग नोकरीला किंवा कर्जाला, तोही खरी मान्यता असेल तरच.

'कोर्स घ्या, कॅमेरा फ्री' ही जाहिरात दिसली तर सरळ पुढे जा. कॅमेऱ्याची किंमत फीमध्ये असतेच. मॉडेल जुनं असतं आणि बिल तुमच्या नावाचं असेलच असं नाही.

क्लासला जायच्या आधी किंवा त्याऐवजी, वाचनालयात गौतम राजाध्यक्ष यांचं 'चेहरे' मिळतं का ते पाहा. नुसती पानं उलटू नका. प्रत्येक फोटोत डोळ्यातला कॅचलाइट शोधा आणि उजेड कुठून आला असेल ते वहीत लिहा.

आता कॅमेरा, आणि तोही जुना

तीन महिने नेटाने झाले असतील तरच इथे या. कॅननचा १३००डी-१५००डी किंवा निकॉनचा डी३४००-डी३५००, किट लेन्ससह चांगल्या स्थितीत पंधरा ते पंचवीस हजारांत मिळतो. त्यावर पन्नास एमएम एफ १.८ ही लेन्स. कॅननची नवी नऊ ते अकरा हजार, जुनी पाच-सात हजार. छोट्या सेन्सरच्या कॅननवर ती ऐंशी एमएमसारखं काम करते, चेहऱ्यांना अगदी योग्य. नवे मिररलेस याहून बरेच महाग पडतात. शिकायला त्यांची गरज नाही.

इथे तीन सापळे आहेत. निकॉनची स्वस्त मिळणारी 'डी' प्रकारची पन्नास एमएम वरच्या साध्या कॅमेऱ्यांवर आपोआप फोकस करत नाही, कारण त्या बॉडीत मोटरच नसते. तुम्हाला 'एएफ-एस' लिहिलेली हवी. दुसरा सापळा : कॅनन १५००डी आणि ३०००डीच्या फ्लॅशच्या खाचेत मधली पिन नाही. 'कुठल्याही कॅमेऱ्याला चालतो' म्हणून विकला जाणारा स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यावर पेटत नाही. पुढे स्टुडिओ लाइट वापरायचे असतील तर हे आधी माहीत हवं. तिसरा : ३०००डीचा लेन्स बसवायचा गोल भाग प्लॅस्टिकचा आहे. दोन-तीन हजार वाचवायला तो कॅमेरा घेऊ नका.

जुना कॅमेरा पाहायला दिवसाउजेडी, दुकानात किंवा वर्दळीच्या ठिकाणी जा आणि आपलं मेमरी कार्ड घेऊन जा. लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चवर धरा, दोन्ही बाजूंनी. आत कोळ्याच्या जाळीसारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी. लेन्स परत करा, साफ करून देण्याच्या आश्वासनावर घेऊ नका. मग एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहा; काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. 'देशोन्नती'चं पान टेबलावर तिरकं ठेवून एका मथळ्यावर फोकस करा, तोच मथळा स्पष्ट आला पाहिजे. शटर किती वेळा उडालं ते निकॉनच्या फोटोफाइलमध्ये नोंदलेलं असतं, फुकट संकेतस्थळावर फाइल टाकली की आकडा दिसतो. कॅननच्या या मॉडेल्सना केबल लावून सॉफ्टवेअरने पाहावं लागतं. साठ हजारांच्या वर आकडा असेल तर किंमत पाडून मागा.

मूळ बिल हवंच, आणि बिलावरचा क्रमांक बॉडीच्या खालच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. चोरीचा माल असाच पकडला जातो, आणि तो तुमच्या हातात असतो. विकणाऱ्याकडून साध्या कागदावर नाव, तारीख, रक्कम, क्रमांक आणि सही घ्या. ऑनलाइन 'मी लष्करात आहे, बदली झाली, आधी थोडी रक्कम टाका' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा; तासाभरात केलेली तक्रार दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीपेक्षा कामाची.

नवा घ्यायचा असेल तर भारतातली वॉरंटी आहे का ते पाहा. 'बिल नको असेल तर चार हजार कमी' याचा अर्थ वॉरंटीही नको. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्येही प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी बऱ्याचदा तुमच्याच माथी येतो. एकूण किती भरणार, तो आकडा विचारा.

वरखर्च धरून चला : मेमरी कार्ड हजारेक, दुसरी बॅटरी हजाराच्या आसपास, आणि पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा व सिलिका जेल, तीन-चारशे. जून ते सप्टेंबर कॅमेरा बॅगेत ठेवला तर लेन्सला बुरशी लागते. पंधरा दिवसांतून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा. पाच रंगांचा रिफ्लेक्टर आठशे ते दीड हजार. ड्रॉइंग शीट फाटेपर्यंत घेऊ नका.

एफ १.८ची लेन्स हातात आली की सगळे १.८वरच काढतात. पाच फुटांवरून तेव्हा जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. चेहरा जरा वळला की एक डोळा स्पष्ट, दुसरा गेला. सुरुवातीचे दोन महिने एफ ४वर काढा, शटर १/१२५ च्या खाली येऊ देऊ नका आणि फोकसचा मधला एकच बिंदू निवडून तो कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेवा.

पुढे धंदा म्हणून करायचं ठरलं तर उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, आधार-पॅन पुरतं. एजंटला हजार रुपये देण्याचं कारण नाही. पन्नास हजारांपर्यंतचं मुद्रा शिशू कर्ज बँकेत मागता येतं. पीएम विश्वकर्माच्या अठरा व्यवसायांत फोटोग्राफर नाही, त्यामुळे 'त्यात बसवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

क्लासने बॅच बंद करून फी बुडवली, दुकानदाराने वॉरंटी नाकारली, तर आधी लेखी तक्रार द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. क्लास पुण्याचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तोवर पावत्या, पत्रकं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज काढून टाकू नका.